अंगणातलं एशियन पेअर: छाटणी आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्कच्या पट्ट्यात स्वतःचं घर झालं की मागच्या अंगणात एक तरी फळझाड हवंच, असं आपल्या बहुतेक घरांत वाटतं. आंबा-चिकूला इथली थंडी मानवत नाही, सफरचंदाला फवारण्या फार लागतात. मग वसंतात नर्सरीत एशियन पेअर, म्हणजे नाशपातीचा गोल, कडक, रसाळ आशियाई प्रकार, दिसतं आणि गाडीच्या मागच्या सीटवर आडवं होऊन घरी येतं. निवड चांगली आहे. झाड काटक आहे, लवकर फळावर येतं, आणि बऱ्याच जातींची फळं गणपतीच्या सुमारास तयार होतात. पण नुसतं वाढू दिलं तर काही वर्षांत ते सरळ वीस फुटांवर जातं, आणि खाली हाताला लागतात ती लिंबाएवढी बेचव फळं.

या झाडाची तक्रार कधीच "येत नाही" अशी नसते. ते जास्तच देतं. कमी करणं हे आपलं काम: काडी कमी, फळ कमी, खतही कमी.

छाटणी कधी करायची?

मुख्य छाटणी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत, डोळे फुगायच्या आत. जानेवारीत हात शिवशिवतात हे खरं, पण कापल्यानंतर कडाक्याची थंडी पडली तर कापाच्या कडेची साल मरते. दिवस कोरडा निवडा. पुढे दोन दिवस पाऊस नसेल तर उत्तम. शरद ऋतूत, पानं गळत असताना मात्र कात्री लावू नका. जखम भरून यायला झाडाकडे तेव्हा वेळच उरलेला नसतो.

कॅलिफोर्नियात बे एरियासारख्या ठिकाणी हिवाळा सौम्य असतो, तिथे जानेवारीतही चालतं. बाकीची उत्तरं वाचतानाही तिथल्या वाचकांनी तारखा थोड्या अलीकडे धराव्यात.

फुलाचा डोळा आणि पानाचा डोळा ओळखायचा कसा?

हे आधी शिका, कात्री नंतर हातात घ्या. पानाचा डोळा बारीक, टोकदार आणि काडीला चिकटलेला असतो. फुलाचा डोळा जाड, गोलसर, काडीपासून सुटा उभा असतो. बहुतेक वेळा तो बोटाच्या पेराएवढ्या आखूड, जाडसर काडीच्या टोकाला बसलेला दिसतो. त्या आखूड काडीला स्पर म्हणतात. तिच्या अंगावर आडव्या वळ्या असतात. दरवर्षीच्या वाढीच्या त्या खुणा. फळ मुख्यतः या स्परवर लागतं, आणि स्पर दोन वर्षांच्या व त्याहून जुन्या लाकडावर तयार होतात.

खात्री करायची असेल तर एक जाड डोळा काढून ब्लेडने उभा चिरा. आत हिरवट कळ्यांचा टाचणीच्या डोक्याएवढा पुंजका दिसला तर तो फुलाचा. एक डोळा गेल्याने काही बिघडत नाही, एशियन पेअरला डोळ्यांची वाण कधीच नसते.

नवीन रोप लावलंय. पहिल्या तीन वर्षांत काय करायचं?

फांद्या नसलेली सरळ काठी असेल तर लावल्याबरोबर ती जमिनीपासून ३० ते ३६ इंचांवर कापा. जीवावर येतं, पण त्या कापाखालूनच पुढच्या मुख्य फांद्या फुटतात. कलमाचा जोड, म्हणजे खोडावरची ती वाकडी गाठ, जमिनीच्या वरच राहिली पाहिजे. तो मातीत गेला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात आणि खुंट (ज्याच्या मुळांवर कलम बांधतात ते झाड) निवडण्याचा सगळा फायदा जातो.

पहिल्या उन्हाळ्यात चारही दिशांना जाणाऱ्या चार-पाच फांद्या ठेवा, एकाच उंचीवरून फुटलेल्या नकोत. आता या झाडाचा मुख्य दोष लक्षात घ्या: त्याच्या फांद्या खोडाला बिलगून उभ्या वाढतात. बेचकं अरुंद राहिलं की आत साल दाबली जाते, जोड कच्चा राहतो आणि पुढे फळांच्या वजनाने फांदी तिथूनच फाटते. म्हणून फांदी कोवळी, हिरवी असताना खोड आणि फांदीच्या मध्ये कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा बसवा. पुढच्या वर्षी दोरीने खुंटीला बांधून ती ४५ ते ६० अंशांपर्यंत उघडा. दोरी फांदीभोवती सैल हवी, नाहीतर सालीत रुतते. आडव्या केलेल्या फांदीचा वाढीचा जोर कमी होतो आणि ती फळाकडे वळते. इतका फायदा दुसऱ्या कुठल्याही कामातून मिळत नाही, आणि याला कात्रीही लागत नाही.

पहिली दोन वर्षं फळ धरू देऊ नका. फुलं आली तरी खुडून टाका.

फळावर आलेलं झाड दरवर्षी कसं छाटायचं?

कात्री खिशात ठेवून आधी झाडाभोवती दोन फेऱ्या मारा. मग वाळलेलं, रोगट, मोडलेलं काढा, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. त्यानंतर पानसोट: फांद्यांच्या पाठीवरून काटकोनात आकाशाकडे गेलेल्या गुळगुळीत, लांब काड्या. त्या बुडापासून काढा. दोन-चार इंचांचा ठोंब ठेवलात तर पुढच्या वर्षी एकाच्या जागी चार होतात. मग झाडाच्या पोटात शिरलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्यांपैकी एकेक काढा.

इथपर्यंत बहुतेक जण करतात आणि थांबतात. खरी छाटणी यापुढे आहे. जुना स्पर फाटे फुटत फुटत गाठाळ होतो, त्याच्यावर पंधरा-वीस डोळे दाटीने बसतात आणि फळ वर्षागणिक लहान होत जातं. मोठं, रसाळ फळ येतं ते दोन ते चार-पाच वर्षांच्या लाकडावर. म्हणून दरवर्षी फळ देणाऱ्या फांद्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा बदलायचा. सगळ्यात जुनी, गाठाळ फांदी तिच्या बुडाजवळच्या एखाद्या जोमदार नव्या काडीपर्यंत मागे कापायची आणि त्या काडीला आडवं बांधून तिची जागा द्यायची. ती काडी आदल्या वर्षीच हेरून ठेवावी लागते, म्हणूनच सगळे पानसोट सरसकट उडवू नका. मोक्याच्या जागी, तिरका वाढणारा एखादा राखा. ज्या फांद्या ठेवल्या, त्यांच्यावरच्या दाट स्परपैकीही खाली लोंबणारे आणि बारीक पडलेले काढून टाका.

जाड फांदी कापताना तिच्या बुडाशी खोडाला लागून एक फुगीर कडं दिसतं. ते सोडून, त्याला लागून कापा. त्या कड्यातूनच जखम भरते. फांदी जड असेल तर आधी फूटभर अलीकडे खालून थोडी चीर द्या, मग वरून कापून ओझं उतरवा आणि शेवटी राहिलेला ठोंब कड्याजवळ घ्या. नाहीतर फांदी पडताना खोडाची साल सोलत जाते. कापावर रंग, डांबर, मेण काही लावायची गरज नाही.

किती कापायचं? निरोगी झाडाचं एका हंगामात पाव ते फार तर तिसरा हिस्सा लाकूड. काम संपल्यावर खाली उभं राहून वर बघा, फांद्यांमधून आकाशाचे मोठे तुकडे दिसायला हवेत.

उंची फार झालीय. शेंडाच उडवला तर?

वरून सपाट कापलेल्या झाडाला त्याच उन्हाळ्यात कापाखालून पानसोटांचं रान माजतं, आणि दोन वर्षांत झाड पुन्हा तेवढंच उंच, वर आणखी दाट. त्यापेक्षा उंच फांदी खाली शोधत या, बाहेरच्या दिशेने जाणारी एखादी दुय्यम फांदी बघा आणि तिच्या वरचं काढा. वाढीचा जोर त्या फांदीत जातो. घरच्या झाडाला आठ ते दहा फूट उंची पुरे. शिडीवरून विरळणी, म्हणजे जास्तीची फळं काढणं, कोणी मनापासून करत नाही, हा माझा ठाम अनुभव आहे.

घर घेतलं तेव्हापासून मागे एक जुनं, रान माजलेलं झाड आहे. वाचेल का?

वाचेल, पण तीन हिवाळे द्या. पहिल्या वर्षी मेलेलं लाकूड आणि मधल्या दोन-तीन मोठ्या उभ्या फांद्या काढा, ऊन आत जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी उंची उतरवा. तिसऱ्या वर्षी स्पर विरळ करा आणि नव्या काड्या आडव्या बांधा. एकाच वर्षात सगळं केलं तर झाड घाबऱ्याघुबऱ्या कोवळी फूट काढतं, आणि त्या फुटीला फायर ब्लाइट (शेंडे काळे पाडणारा जिवाणूंचा रोग, त्याविषयी पुढे) लगेच धरतो. या तीन वर्षांत खत अजिबात नको.

उन्हाळ्यात छाटलं तर चालतं का?

थोडं चालतं, आणि उपयोगीही आहे. जुलैत नवे पानसोट बुडापासून काढले किंवा कोवळे असताना हाताने उपटले तर फळांना ऊन मिळतं आणि ते परत सहसा फुटत नाहीत. मात्र झाडात रोग दिसत असेल तर ओल्या हवेत हात लावू नका. ऑगस्टच्या मध्यानंतर काही कापू नका.

एकाच झाडावर चार जातींची कलमं आहेत. त्याची छाटणी वेगळी असते का?

असते, आणि चूक झाली तर एक जात कायमची जाते. चारांतली एखादी जात जोरकस असते. ती दोन-तीन वर्षांत झाड ताब्यात घेते आणि सर्वांत कमजोर जात सावलीत वाळते. फळं झाडावर असतानाच प्रत्येक फांदीला नावाची पट्टी बांधा. हिवाळ्यात सगळ्या काड्या सारख्याच दिसतात. मग छाटताना जोरकस जातीला जास्त कापा आणि आडवं बांधा. कमजोर फांदी जवळजवळ तशीच ठेवा आणि तिला थोडं उभं राहू द्या. कलमाच्या जोडाखाली कापायचं नाही, एवढं मात्र विसरू नका.

खोडाच्या बुडातून काटेरी फांदी आलीय. हेही पेअरच का?

हा खुंटाचा फुटवा. बऱ्याच नर्सऱ्यांमध्ये एशियन पेअरचं कलम कॅलेरी पेअर किंवा बेटुलिफोलिया या रानटी पेअरच्या खुंटावर बांधतात. कॅलेरीच्या फुटव्याला चांगले इंचभर काटे असतात. एप्रिलच्या सुरुवातीला इथल्या रस्त्यांवर पांढरीशुभ्र फुलणारी आणि वासाने नकोशी होणारी ब्रॅडफर्ड पेअरची झाडं याच कॅलेरीची. ती इतकी रानोमाळ पसरली की ओहायोने २०२३ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणली. फुटवा लहान असतानाच माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा. राहू दिला तर तो वरच्या कलमाला उपाशी मारतो, आणि मग माणसं म्हणतात, "पूर्वी फळं गोड यायची, आता नुसत्या गोळ्या येतात."

फळांची विरळणी खरंच करावी लागते का? एवढी धरलेली फळं काढून टाकायची?

हो. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एशियन पेअरच्या एका डोळ्यातून पाच ते आठ फुलं येतात, आणि हवामान बरं असलं तर त्यातली बरीचशी धरतात. झाड स्वतः थोडी गाळतं, पण सफरचंदाइतकी नाही. सगळी ठेवली तर फळं लिंबाएवढी राहतात, साखर भरत नाही, फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षी फुलंच येत नाहीत. कारण पुढच्या वर्षीचे फुलाचे डोळे याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जून-जुलैत ठरतात, आणि त्या वेळी झाड फळांच्या ओझ्याखाली असेल तर त्यासाठी काही उरत नाही.

आपल्याकडे फुलं एप्रिलच्या मध्याला येतात. मेच्या मध्यावर फळं बोराएवढी झाली की बारीक टोकाची कात्री घ्या. पहिल्या फेरीत प्रत्येक गुच्छात एकच फळ ठेवा. कुठलं ठेवायचं तेही बघा. पेअरच्या गुच्छात बुडाकडची फुलं आधी उमलतात. त्यांची फळं चपटी होण्याकडे कल असतो, आणि अगदी टोकाकडची लहान, लांबुळकी राहतात. बुडाकडून मोजत गेलं तर तिसऱ्या ते पाचव्या फुलाचं फळ आकाराने भरतं आणि गोल होतं. जपानी बागायतदार हेच राखतात. वाकडं, डागाळलेलं, किड्याने टोचलेलं फळ कुठल्याही जागेवरचं असो, ते आधी काढा. देठ मधोमध कापा. फळ ओढलं तर स्परच हातात येतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरी फेरी. आता फांदीवर दोन फळांत साधारण सहा इंच अंतर हवं. म्हणजे कित्येक गुच्छ पूर्णच रिकामे करावे लागतात. एका फळामागे पंचवीस-तीस पानं हवीत, हा हिशोब डोळ्यांसमोर ठेवा. धरलेल्या दहा फळांतली सात-आठ खाली पडतात. झाडाखालचा तो हिरवा सडा बघून घरातली मोठी माणसं हळहळतात, आणि त्यांचं चूक नाही. धरलेलं फळ तोडू नये या संस्कारात आपण वाढलो. तरी एकदा एका फांदीची नीट विरळणी करा, शेजारची तशीच सोडा, आणि सप्टेंबरमध्ये दोन्हींचं एकेक फळ चिरून सगळ्यांना खायला द्या. पुढच्या मे महिन्यात कात्री तीच माणसं मागतील.

झाड एक वर्षाआडच फळ देतं. का?

विरळणी झाली नाही किंवा उशिरा झाली म्हणून. भरघोस वर्षी मे महिन्यातच कडक विरळणी केली की दोन वर्षांत घडी बसते. फुलांच्या वेळी पडलेली थंडी हे दुसरं कारण. पूर्ण उमललेल्या फुलांना २८ अंश फॅरनहाइटला थोडी इजा होते, २४ अंशांना जवळजवळ सगळी जातात. लहान झाडावर रात्री जुनी चादर जमिनीपर्यंत सोडून टाकता येते. प्लास्टिक फुलांना टेकू देऊ नका.

फुलं भरपूर येतात, फळ धरत नाही. काय चुकतंय?

बहुधा झाड एकटं आहे. शिनसेइकी किंवा निजिस्सेइकीसारख्या काही जाती एकट्यानेही थोडंफार फळ धरतात, पण जवळ दुसरी जात असली की फरक डोळ्यांना दिसतो. दुसरी जात म्हणजे कुठलीही नाही. निजिस्सेइकी आणि किकुसुई यांचं एकमेकांशी जुळत नाही. नीताकाचा पराग निर्जीव असतो, त्यामुळे ती असेल तर एकूण तीन झाडं लागतात. या लिह आणि त्सु लिह या चिनी जाती लवकर फुलतात, त्यांना एकमेकींची सोबत बरी.

शिवाय पेअरच्या फुलातल्या मधात साखर कमी, त्यामुळे जवळ दुसरं काही फुललं असेल तर मधमाश्या तिकडे जातात. दुसरं झाड लावायला जागा नसेल तर मित्राच्या अंगणातल्या वेगळ्या जातीच्या फुललेल्या फांद्या आणून बादलीत पाणी घालून झाडाखाली ठेवा, किंवा मऊ ब्रशने पराग फिरवा. चीनमध्ये सिचुआन प्रांतातल्या हानयुआनमध्ये पेअरच्या बागांचं परागीभवन माणसं हातानेच करतात. आपल्याला तर एकच झाड करायचं आहे.

कुठली जात लावावी?

ईशान्य अमेरिकेत रोग सोसणं हा पहिला निकष. म्हणून शिंको. फायर ब्लाइटला ती चांगली तोंड देते, फळ सोनेरी तपकिरी, सप्टेंबरच्या मध्यानंतर तयार होतं आणि फ्रिजमध्ये खूप टिकतं. जोडीला होसुई. ही १९७२ मध्ये जपानमध्ये प्रसारित झाली. चवीला माझ्या मते सगळ्यांत वरची, पण फायर ब्लाइटला फार नाजूक. लावायची तर तिच्यावर लक्ष ठेवायची तयारी हवी. शिनसेइकी पिवळी, पातळ सालीची, ऑगस्टमध्येच येते. चोजुरोची साल जाड, पण वासाला तोड नाही.

निजिस्सेइकीची गोष्ट सांगायलाच हवी. १८८८ मध्ये जपानमधल्या मात्सुदो गावात मात्सुदो काकुनोसुके या तेरा वर्षांच्या मुलाला उकिरड्याजवळ उगवलेलं एक रोप दिसलं. त्याने ते उचलून घरच्या बागेत लावलं. त्यावर फळ यायला दहा वर्षं लागली. त्या काळच्या लाल-तपकिरी, जाड सालीच्या पेअरपुढे हे पातळ सालीचं, हिरवट पिवळं, रसाने भरलेलं फळ नवलाचंच होतं. येऊ घातलेल्या विसाव्या शतकाचं नाव त्याला मिळालं, म्हणून इथल्या नर्सरीत ते ट्वेंटिएथ सेंच्युरी या पट्टीने विकतात. १९०४ मध्ये त्याची रोपं तोत्तोरीला गेली आणि तो प्रांत या फळासाठी नावाजला. जपानमध्ये ही झाडं डोक्याच्या थोडं वर, तारांच्या आडव्या मांडवावर चढवतात, आपल्या द्राक्षांसारखी. वादळी वाऱ्यात फळ गळू नये आणि प्रत्येक फळापर्यंत हात पोचावा म्हणून. अंगणात दोन खांब आणि तारा लावून हे लहान प्रमाणावर करता येतं, आणि ज्यांनी केलं ते परत सुट्या झाडाकडे वळत नाहीत.

काडीचा शेंडा काळा पडून वाकलाय, जाळल्यासारखा. काय करू?

फायर ब्लाइट. वेळ घालवू नका.

हा जिवाणूंचा रोग आहे आणि मूळ इथलाच. १७८० च्या सुमारास हडसन नदीच्या खोऱ्यात तो पहिल्यांदा लोकांच्या लक्षात आला, आणि पुढे शंभर वर्षांनी इलिनॉयचे थॉमस बरिल यांनी तो जिवाणूंमुळे होतो हे दाखवलं. वनस्पतींना जिवाणूंनी रोग होतो हे त्यातून पहिल्यांदा कळलं. हवा उबदार आणि ओली असताना फुलांतून तो शिरतो. पाऊस आणि किडे तो पसरवतात. आधी फुलांचा गुच्छ काळा पडतो, मग कोवळा शेंडा आकड्यासारखा वळतो, पानं काळी होऊनही गळत नाहीत, आणि दमट सकाळी सालीवर मधाच्या रंगाचे चिकट थेंब दिसतात.

कोरड्या दिवशी, दिसणाऱ्या काळेपणाच्या आठ ते बारा इंच खाली, निरोगी लाकडात कापा. प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलमध्ये, किंवा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवा. ब्लीचने लोखंड गंजतं, म्हणून शेवटी धुऊन तेल लावा. कापलेलं लाकूड कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. रोग खोडापर्यंत उतरला असेल तर झाड काढून टाकणं बरं, शेजारच्या झाडांसाठी.

वसंतात डोळे फुटायला लागताना तांब्याची फवारणी केली तर सुरुवातीचा जोर कमी होतो. फुलांच्या वेळी फवारण्याची औषधंही आहेत, ती लेबल वाचून आणि आपल्या काउंटीच्या एक्स्टेन्शन कार्यालयात (विद्यापीठाचं शेतीसल्ला केंद्र, न्यू जर्सीत ते रटगर्सचं) विचारूनच वापरा. पण सगळ्यात मोठा बचाव खताच्या पिशवीत आहे. त्याविषयी पुढे.

खत-पाणी किती?

खत जवळजवळ नाहीच. नत्र जास्त झालं की लांब, लुसलुशीत फूट येते आणि तिथेच फायर ब्लाइट आणि पेअर सिला (रस शोषणारा बारीक किडा) जमतात. फळावर असलेल्या झाडाच्या काड्या वर्षाला फूटभर वाढत असतील तर त्याला काही देऊ नका. वाढ त्याहून फार कमी असेल तर वसंताच्या सुरुवातीला चांगलं कुजलेलं कंपोस्ट द्या. हिरवळीला टाकायचं खत झाडाच्या मुळांवर पडतं हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लॉनवाल्याला फांद्यांच्या घेरात खत टाकू नको म्हणून सांगा. मातीची तपासणी रटगर्सच्या प्रयोगशाळेत थोड्या पैशांत होते. सामू (pH) ६ ते ६.८ असला की झालं.

पाण्याचं तसं नाही. फळ फुगताना, जुलै-ऑगस्टमध्ये, आठवड्याला इंच-दीड इंच पाणी मुळांपर्यंत जायला हवं, पावसाचं धरून. रोज थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा नळी हळू सोडून ठेवा. बुडाशी लाकडी भुशाचं दोन-तीन इंच आच्छादन घाला, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकवलं तर हिवाळ्यात त्याखाली उंदीर राहतात आणि साल कुरतडतात.

किडे, खारी, हरणं...

फळावर बारीक खळगे आणि आत बुचासारखा कोरडा भाग दिसला तर तो स्टिंक बग. पूर्व आशियातला हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनमध्ये, १९९० च्या दशकात सापडला, आणि थंडी सुरू झाली की आपल्या खिडक्यांवर जमतो तोच. त्याच्यावर आणि फळात शिरणाऱ्या अळीवर घरगुती बागेत सर्वांत चांगला उपाय म्हणजे पिशवी. विरळणीची दुसरी फेरी झाल्याबरोबर प्रत्येक फळाला कागदी पिशवी घाला आणि देठाशी तार किंवा स्टेपल लावा. विरळणी केली असेल तर हे दुपारभराचं काम, केली नसेल तर अशक्य. पिशवीतल्या फळाची साल नितळ आणि पातळ राहते हा वरचा लाभ.

पिशवी खारीला अडवत नाही. तिच्यासाठी खोडाला चार-पाच फुटांवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा आणि झाड कुंपणापासून किंवा डेकपासून आठ फूट लांब, हे दोन्ही लागतं. हरणांसाठी आठ फुटी जाळी. शरदात नर हरणं शिंगं घासून तरुण खोडाची साल काढतात, तेव्हा निदान खोडाभोवती तारेची नळी तरी करा.

हिवाळ्याच्या शेवटी, डोळे उघडायच्या आत, बागायती तेलाची एक फवारणी पेअर सिला, कोळी आणि खवल्या किडीला पुरेशी पडते. तापमान तेव्हा ४० अंश फॅरनहाइटच्या वर हवं.

फळ तयार झालं हे कसं ओळखायचं?

चाखून. युरोपियन पेअर कच्चं काढून घरात पिकवतात. एशियन पेअर झाडावरच पिकतं आणि पिकलं तरी कडकच राहतं, त्यामुळे दाबून काही कळत नाही. हिरव्या जातींचा रंग पिवळसर होतो, तपकिरी जातींच्या सालीखालची हिरवट झाक जाऊन ती सोनेरी दिसते. फळ तळहातावर घेऊन वर उचललं की देठ सहज सुटतो. झाडावरची सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, आठवडाभराच्या अंतराने दोन-तीनदा काढा.

दिसायला टणक असलं तरी हे फळ लगेच दुखावतं. बोटं रुतवू नका. काढल्यावर देठ कात्रीने आखूड करा, नाहीतर डब्यात एकाचा देठ दुसऱ्याला भोसकतो. फ्रिजमध्ये होसुई महिनाभर बरी राहते, शिंको दोन-तीन महिनेही.

फार झाली तर मुरांब्याच्या भानगडीत पडू नका, फळात पाणी फार असतं. किसून किंवा बारीक चिरून कोशिंबीर करा: दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, वर जिऱ्याची फोडणी. लिंबू आधी घाला म्हणजे फोडी काळ्या पडत नाहीत.

पुण्या-नाशिकला आई-वडिलांच्या बंगल्यात लावता येईल का?

नको. या जातींना हिवाळ्यात ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली काही शे तास काढावे लागतात, तेव्हा डोळे नीट फुटतात. पुण्याला पहाटे थंडी पडते, पण दुपार उबदार असते. झाड जगेलही, फुलेल याची आशा धरू नका. आपल्याकडच्या बाजारात पावसाळ्यात येणारी कडक पंजाबी नाशपाती, पत्थरनाख, ही याच जातकुळीची, पण तिलाही उत्तरेतला हिवाळा लागतो. बंगल्याच्या आवारात अंजीर किंवा पेरू लावा. आणि इथून काड्या किंवा रोपं सामानातून नेऊ नका. भारतात रोपं न्यायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, आणि फायर ब्लाइटसारखा रोग अशाच एखाद्या काडीतून दुसऱ्या देशात पोचतो.